घाटी, गावठी, आगरी

पनवेल बोरघाटाच्या वाटेवर आहे. १८३० साली घाटातून गाडीरस्ता झाला तेव्हा मुंबईहून बोटीनं पनवेल बंदरात उतरायचं आणि घाट चढून पुण्याकडे जायचं, असा राबता सुरू झाला. त्याच वाटेनं पोटासाठी देशावरून खाली उतरलेली माणसंही आली. काही मुंबईला गेली, काही इथेच राहिली. खालच्या लोकांनी त्यांना घाटी म्हटलं. घाटावरून आलेला तो घाटी, इतकाच तेव्हा त्याचा अर्थ असेल. पुढे साताऱ्या-कोल्हापूरची माणसं गिरण्यांत, गोदीत, घरकामात राबू लागली आणि त्या शब्दात एक अडाणी, गबाळा, मोठ्या आवाजात बोलणारा माणूस येऊन बसला. मुंबईच्या इंग्रजी बोलणाऱ्या वस्त्यांनी तर कोकणातल्या, रायगडातल्या, सगळ्याच मराठी माणसांना घाटी करून टाकलं.

आमचं घर मूळचं साताऱ्याकडचं, मी वाढले पनवेलला. शेजारच्या आगरी घरातल्या आजीच्या तोंडी ‘घाटीन’ ऐकलं ते मायेनं, ताटात भाकरी वाढताना. मुंबईच्या कॉलेजात तोच शब्द ऐकला तेव्हा अंगावर काटा आला. त्या वयात माझं मत सरळ होतं: हा शब्द कुणीच, कुणालाच, कधीही वापरू नये.

त्या मताला पहिला धक्का दिला दूरचित्रवाणीनं. दूरदर्शनच्या काळात नायक-नायिका प्रमाण मराठी बोलायची. बोली असायची ती घरगड्याच्या, हवालदाराच्या वाट्याला. आमच्या घरात बोलली जाणारी भाषा पडद्यावर आली की प्रेक्षक हसणार हे ठरलेलं होतं, आणि आम्हीही हसायचो. १५ ऑगस्ट १९९९ला अल्फा मराठी सुरू झाली, तिचीच पुढे झी मराठी झाली. संध्याकाळच्या मालिका घरोघरी शिरल्या आणि त्यांच्याबरोबर एक चोरटेपणाही आला. वाचनालयाच्या कार्यक्रमात ‘आम्ही मालिका बघत नाही’ असं सांगायचं आणि रात्री आठला घरी पोचायची घाई करायची. आजही सुशिक्षित मंडळींत हे चालतं. मला त्यात कमीपणाची एक पायरी दिसते. मालिका बघणं म्हणजे गावठी, आणि गावठी म्हणजे आपण ज्यांच्यातून आलो ते.

मी ‘माझ्या नवऱ्याची बायको’ बघायचे. २०१६ ते २०२१ अशी ती चालली. नागपूरची राधिका, तिची वऱ्हाडी वळणाची बोली, तिची लाज वाटणारा नवरा गुरुनाथ आणि त्याची प्रेयसी शनाया. ‘गावठी’ हे त्या घरात राधिकेचं जणू दुसरं नाव होतं. कथानक किती ताणलं, राधिकेचा मसाल्याचा उद्योग कुठल्या कुठे गेला, यावर हवं तेवढं बोलता येईल. पण ज्या बोलीपायी तिला घरात खाली मान घालावी लागायची, तीच बोली न सोडता ती कंपनीची मालकीण झाली, हे मी पाहिलं आणि मला ते मोलाचं वाटलं. तेव्हा पहिल्यांदा वाटलं की शब्दावर बंदी मागून फार काही होणार नाही. तो अंगावर घेऊन, त्याच्यासकट वर येता आलं पाहिजे.

हा विचार नंतर सगळीकडे दिसू लागला. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’मध्ये गौरव मोरे ‘फिल्टरपाड्याचा बच्चन’ म्हणून आले. ज्या वस्तीचं नाव एरवी पत्ता सांगताना गिळलं जातं, ते त्यांनी छाती काढून उच्चारलं. विनायक माळी यांच्या यूट्यूबवरच्या चित्रफितींनी आगरी बोली मोबाइलवर आणली. गाडीला गारी आणि डोळ्याला डोला म्हणणारी मुलं पनवेलच्या शाळांत एकेकाळी बाईंचा ओरडा खायची. त्यांच्या बोलीची नक्कल आता पुण्याची मुलं करतात. घाटी असल्याचंही तरुण मुलं आता आपणहून, मिरवून सांगतात.

काही काळ मी यावर समाधानी होते: दुसऱ्यानं म्हटलं तर शिवी, आपण म्हटलं तर अभिमान. पण ‘आपण’ म्हणजे नक्की कोण?

हाच प्रश्न अमेरिकेत लुइझियानातल्या केजन लोकांतही दिसतो. १७५५पासून इंग्रजांनी कॅनडाच्या अकेडिया भागातून हाकललेल्या फ्रेंच भाषकांचे हे वंशज. १९२१च्या राज्यघटनेनं शाळा इंग्रजीत केल्या, आणि फ्रेंच बोललं म्हणून मुलांना शिक्षा होत गेल्या. त्यांना ‘कूनॅस’ असं एक हिणकस नाव चिकटलं. १९८१मध्ये राज्याच्या विधिमंडळानं ठराव करून त्या नावाचा निषेध केला. तरीही कित्येक केजन ते नाव गाडीच्या मागे चिकटवून हिंडत राहिले, आणि त्याच समाजातल्या दुसऱ्यांना ते पाहून शरम आणि संताप वाटत राहिला. एकाचा अभिमान दुसऱ्याची जखम उघडी करतो, आणि दोघेही त्याच मातीचे. २०१०पासून ‘स्वँप पीपल’ हा मगरींच्या शिकारीचा कार्यक्रम तिकडे लोकप्रिय झाला. त्यात केजन माणसं इंग्रजी बोलत असतानाही त्यांच्या बोलण्याखाली इंग्रजी अक्षरं उमटतात. त्यांच्या उच्चारांना आपल्याच देशात दुभाष्या लावला गेला. लाखो लोक ते आवडीनं बघतात. मगरींची शिकार वर्षातून थोडेच दिवस चालते. उरलेल्या महिन्यांतला केजन माणूस पडद्याला नको असतो.

मला इथे कोकण आठवलं. २०१६मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली तेव्हा सिंधुदुर्गातून आक्षेप आले की कोकण म्हणजे भुताखेतांचा मुलूख, असं चित्र उभं राहतंय. आक्षेपात तथ्य होतं. त्याच वेळी त्या मालिकेतली मालवणी खोटी वाटत नव्हती. पांडूचं काम करणारे प्रल्हाद कुडतरकर तिच्या लेखनातही होते. ‘वस्त्रहरण’ नाटकानं मालवणीला रंगमंचावर जी ऐट दिली, तिचा अंश त्यात दिसतो. म्हणजे लिहिणारा घरचा असूनही प्रश्न पुरता सुटत नाही. बोली खरी ठेवूनही माणूस अर्धा दाखवता येतो.

हे मला सर्वांत तीव्रतेनं जाणवलं ते आगऱ्यांबाबत, कारण ती माणसं मी अंगणातून पाहिली आहेत. ‘बिग बॉस मराठी’च्या २०२१च्या पर्वात आगरी गायक संतोष चौधरी, म्हणजे सगळ्यांचे दादूस, होते. पनवेल-उरणच्या कितीतरी घरांत तेव्हा कौतुक होतं, आपला माणूस तिथे आहे. मीही आवडीनं बघत होते. पण दूरचित्रवाणीवरचा आगरी माणूस तिथेच थांबतो: हळद, ढोल, अंगावरचं सोनं, मोकळा आवाज. त्या सोन्यामागे जमीन आहे, हे कुणी सांगत नाही. मिठागरं आणि भातखाचरं नव्या मुंबईसाठी घेतली गेली. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर आले आणि १६ आणि १७ जानेवारी १९८४ला जासईच्या आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळण्याची योजना त्या लढ्यातून आली. जमीन गेली, पैसा आला, काहींचा टिकला, काहींचा दोन लग्नांत संपला. हे सगळं गाळलं की उरतो तो सोन्यानं मढलेला हौशी माणूस, आणि मग आगरी म्हणजे पैसेवाला पण अडाणी, असं बोलायला खारघरच्या नव्या सोसायट्या मोकळ्या होतात.

नाव टोचतं ते इथे, असं मला आता वाटतं. माणसाचं काम आणि त्याचा इतिहास कापून टाकला की जे उरतं त्याला आपण टोपणनावानं हाक मारतो. मग ते परक्यानं दिलेलं असो की आपण मिरवलेलं. याच कारणानं ‘भय्या’ हा शब्द मला सहन होत नाही. उत्तर भारतीयांच्या गावी भावाला मारायची हाक ती, आणि घाटी शब्दानं पोळलेली आम्ही माणसं ती कामोठ्याच्या भाजीवाल्याला ज्या सुरात मारतो, तो सूर मी ओळखते. कॉलेजात मी तोच ऐकला होता.

मालिका बघण्याची लाज मला राहिलेली नाही. एखादं पात्र काय काम करतं, त्याची जमीन कुठे गेली, बोलीतून ते कधी भांडतं, हिशेब मांडतं, की नुसतं हसवतंच, हे मात्र मी आता बघते. ‘लागिरं झालं जी’मध्ये तेजपाल वाघ यांनी साताऱ्याची बोली आणि फौजेत जाणारी पोरं एकत्र आणली. भरतीची धडपड, मैदान, घरचं ओझं त्यात होतं, म्हणून ती बोली मला माझ्या घरची वाटली.

नव्या मुंबईच्या विमानतळाला दि. बा. पाटलांचं नाव द्यावं म्हणून जून २०२१मध्ये पनवेल, उरण, ठाणे, भिवंडीची माणसं हजारोंनी रस्त्यावर आली. त्यांत हळदीत नाचणारे होते, सोनं घालणारे होते, मोबाइलवर आगरी विनोद करणारेही असतील. त्यांच्या घरांवर रोज रात्री आठला चालणारी मालिका मला बघायची आहे. तिच्यात हळदही असू दे, दणक्यात असू दे. लिहिणारा आगरीच असला पाहिजे असा माझा हट्ट नाही, पण त्याला मिठागराचं काम आणि साडेबारा टक्क्यांचं गणित ठाऊक असायला हवं.