चवीचा नमुना आणि विश्वासाची ठेव

कापूस लावलेली एक काडी गालाच्या आतल्या बाजूस काही क्षण फिरवायची आणि डबीत बंद करायची, एवढेच ते काम. सुई नाही, रक्त नाही, वेदना नाही. चवीची जाण आईबापांकडून मुलांकडे कशी उतरते, हे शोधण्यासाठी संशोधक अशा रीतीने माणसांच्या तोंडातील पेशी गोळा करतात. इतकी क्षुल्लक वस्तू देताना कोणी फार विचार करावा काय? आमच्या मते करावा. तो का करावा, हे येथे तपासून पाहू.

‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ ही म्हण जिभेलाही लागू पडते, हे विज्ञानाला एका अपघाताने कळले. अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स हे रसायनशास्त्रज्ञ ‘पी.टी.सी.’ नावाच्या रसायनाची भुकटी हाताळत होते. थोडी भुकटी हवेत उडाली, तेव्हा शेजारच्या सहकाऱ्याने तोंड कडू झाल्याची तक्रार केली. फॉक्स यांना मात्र कसलीच चव लागेना. मग त्यांनी इतरांवर प्रयोग केले आणि १९३२ साली आपले निरीक्षण प्रसिद्ध केले: एकच पदार्थ काहींना अतिशय कडू लागतो, तर काहींना बेचव. हा भेद घराण्यांतून चालत येतो, हेही लवकरच दिसून आले. ग्रेगोर मेंडेल या ऑगस्टिनियन संन्याशाने मठाच्या बागेतील वाटाण्यांवरून १८६६ साली मांडलेले आनुवंशिकतेचे नियम जणू माणसाच्या जिभेवर उमटले होते. २००३ साली सातव्या गुणसूत्रावरील संबंधित जनुक सापडले. ‘टास२आर३८’ असे त्याचे नाव.

या शोधाला सामान्य माणसांनीही हातभार लावला आहे. अमेरिकेतील डेन्व्हर शहराच्या निसर्ग व विज्ञान संग्रहालयात चवीच्या आनुवंशिकतेची एक प्रयोगशाळा प्रेक्षकांसमोर चालवली गेली. संग्रहालय पाहायला आलेल्या माणसांनी स्वखुशीने नमुने दिले आणि प्रशिक्षण घेतलेल्या स्वयंसेवक नागरिकांनी संशोधनाला साहाय्य केले. जिभेवर उंचवटे दाट असतील, तर कडू चव अधिक तीव्र लागते, असा एक समज रूढ होता. पी.टी.सी.च्या जातीच्या एका कडू रसायनाच्या बाबतीत त्यात तथ्य आढळत नाही, असे तेथील संशोधनाने २०१४ साली दाखवून दिले. अनोळखी माणसांच्या औदार्यातून एक चूक दुरुस्त झाली, ही सुंदर गोष्ट आहे. म्हणून आमचा रोख अशा संशोधनाविरुद्ध नाही, हे प्रथमच सांगून ठेवतो.

तरीही प्रश्न उरतो. कोणी म्हणेल, गालाच्या पेशी रोजच झडतात. त्यांतील चार कोणी नेल्या, तर आमचे काय गेले? वजनाने पाहिले तर काहीच गेले नाही. परंतु त्यातील एकेका पेशीत चवीच्या जनुकाबरोबर माणसाची सारी आनुवंशिक लिपी असते. शिवाय ती लिपी त्याची एकट्याची नसते. निम्मी आईकडून आलेली, निम्मी वडिलांकडून, भावंडांशी वाटून घेतलेली, मुलांकडे जाणारी. देणारा एक असतो, पण ज्यांच्याविषयी माहिती दिली जाते, ती माणसे अनेक असतात आणि त्यांना कोणी विचारलेले नसते.

याचा दाखला चवीच्याच इतिहासात आहे. चव न लागणाऱ्या आईबापांच्या पोटी चव लागणारे मूल येणार नाही, असे गणित एके काळी मांडले गेले आणि मुलाचे पितृत्व ठरवण्यासाठीही ही कडू चाचणी वापरली गेली. पुढे कळले, की अशा आईबापांनाही कधीकधी चव लागणारे मूल होते. नियम वाटला तितका सरळ नव्हता. एखाद्या निर्दोष स्त्रीवर संशय यावा, एवढे सामर्थ्य त्या चिमूटभर भुकटीत होते. आजची जनुकीय तपासणी सहसा तशी चुकत नाही. पण तिने सांगितलेले सत्य ऐकायची तयारी घरातल्या प्रत्येकाची असतेच असे नाही.

दुसरा प्रश्न हेतूचा. अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनमध्ये राहणाऱ्या हवासुपाई जमातीच्या लोकांनी १९९० पासून ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांना रक्ताचे नमुने दिले. आपल्या लोकांत मधुमेह का वाढतो, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. पुढे त्याच नमुन्यांवरून मनोविकार आणि जमातीचे प्राचीन स्थलांतर यांचाही अभ्यास झाल्याचे त्यांना कळले. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१० साली विद्यापीठाने सात लाख डॉलर्स व उरलेले नमुने परत देऊन तडजोड केली. रक्त दिले होते खरे. पण ते एका कारणासाठी दिले होते.

तिसरा प्रश्न, नमुना कोणाच्या हाती राहतो हा. ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ ही अमेरिकन कंपनी ग्राहकांकडून टपालाने लाळ मागवून जनुके तपासत असे. कोथिंबीर काही जणांना साबणासारखी का लागते, याचा तिने पंचवीस हजारांहून अधिक ग्राहकांच्या माहितीवरून केलेला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. मार्च २०२५ मध्ये या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. सुमारे दीड कोटी ग्राहकांची माहिती आता कोणाच्या हाती पडणार, हा प्रश्न एकाएकी उभा राहिला. अखेर कंपनीच्याच एका संस्थापिकेच्या ना-नफा संस्थेने ती विकत घेतली. तोवर मात्र माणसांची आनुवंशिक लिपी टेबलखुर्च्यांप्रमाणे मालमत्तेच्या यादीत होती.

मग नमुन्याचा मालक कोण? देणारा की घेणारा? प्रश्नाची ही मांडणीच आम्हांला अपुरी वाटते. सप्टेंबर १९५२ मध्ये मज्जासंस्थेच्या अभ्यासकांपुढे बोलताना पोप बारावे पायस यांनी सांगितले होते, की रुग्ण स्वतःच्या देहाचा निरंकुश स्वामी नाही आणि वैद्याला रुग्णाने दिला त्याहून अधिक अधिकार नाही. हा विचार पुढे नेला, तर असे दिसते, की जे निरंकुशपणे आपले नाही, ते निरंकुशपणे दुसऱ्याला देताही येत नाही. म्हणून गालाच्या त्या पेशी म्हणजे विकलेला माल नव्हे, की टाकून दिलेला कचराही नव्हे. ती ठेव आहे. ठेव सांभाळणाऱ्याने ती सांगितलेल्या कामापुरतीच वापरावी, काम बदलले तर पुन्हा विचारावे आणि आपले दुकान मोडले तरी ती बाजारात मांडू नये.

ठेव ठेवणाऱ्याचेही कर्तव्य आहे. सही करण्यापूर्वी त्याने विचारावे: नमुना किती काळ ठेवणार? दुसऱ्या कोणाला देणार काय? मी मागितला तर नष्ट करणार काय? मुलांच्या वतीने सही करणाऱ्या आईबापांनी तर अधिक जपावे. आज ते ज्याला होकार देतात, त्याचे परिणाम उद्या मुलाला भोगायचे असतात. जमल्यास घरातल्या माणसांच्याही कानावर घालावे, कारण ती लिपी त्यांचीही आहे.

एवढे विचारूनही नमुना अवश्य द्यावा, असेच आम्ही म्हणू. ज्ञान वाढते ते अशा देण्यातूनच. मात्र काडी लहान आहे म्हणून न विचारता देऊ नये आणि घेणाऱ्यानेही ती लहान आहे म्हणून न विचारता वापरू नये.