संध्याकाळी सात वाजता बेटमा कुठे असतं?

इंदूरहून अहमदाबादच्या रस्त्याला लागलं की तीसेक किलोमीटरवर बेटमा येतं. भोजराजाचा इसवी सन १०२० चा ताम्रपट याच गावच्या नावाने ओळखला जातो. विधानसभेला हे गाव देपालपूरमध्ये, लोकसभेला इंदूरमध्ये. ज्या इंदूरने १९८९ ते २०१४ सलग आठ वेळा सुमित्राताई महाजनांना निवडून दिलं, त्या इंदूरमध्ये. मत आपण देतो. पण यंत्रावर कोणाचं नाव येणार, हे ठरतं तेव्हा बेटमा कुठे असतं?

अमेरिकेतल्या आयोवा राज्याने याला दिलेलं उत्तर जगभर गाजलं. तिथे १९७२ पासून राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीची पहिली चाचणी ‘कॉकस’ने व्हायची. कडाक्याच्या थंडीत, संध्याकाळी सात वाजता, शाळेत नाहीतर चर्चच्या दालनात शेजारीपाजारी जमायचे. डेमोक्रॅटिक पक्षाच्या सभेत तर चिठ्ठीही नसायची. आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. एखाद्या गटात साधारण पंधरा टक्के माणसं भरली नाहीत, तर बाकीचे त्यांना आपल्याकडे ओढायचे आणि पुन्हा मोजणी व्हायची.

या चित्राची मला ओढ वाटते, हे आधीच सांगते. शेजाऱ्याने शेजाऱ्याला पटवावं, यापेक्षा चांगलं राजकारण कोणतं? २००८ साली, जिथली वस्ती बहुतांशी गोरी आहे त्या आयोवाने बराक ओबामांना पहिला कौल दिला, तो अशाच सभांतून.

पण चावडी आपल्यालाही माहीत आहे. चावडीवर सगळा गाव बसतो असं म्हणायची पद्धत होती. प्रत्यक्षात बायका घरात असायच्या, दलित पायरीखाली. आणि जो बसला त्याने सावकाराच्या, पाटलाच्या डोळ्यांदेखत हात वर करायचा. ज्याच्याकडून बियाण्याला उधार घेतलं, त्याच्या विरुद्धच्या कोपऱ्यात कोण जाऊन उभा राहील? गुप्त मतदान हा गरिबाचा आडोसा आहे, आणि कॉकस तोच काढून घेतो.

शिवाय वेळ. बेटम्यात संध्याकाळी सात वाजता सभा ठेवून पाहा. पीथमपूरच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला गेलेला मुलगा तेव्हा यंत्रापाशी असतो. रब्बीत ज्याच्या शेताला रात्री वीज मिळते, तो मोटर सुरू करायला निघालेला असतो. घरच्या बाईच्या तव्यावर पोळी असते. दोन-तीन तास बसायला कोण येईल? दुकान नोकरावर सोपवू शकणारा, पक्षाचा पदाधिकारी, आणि त्यांनी गाडीत घालून आणलेली माणसं. यात कोणी कोणाचं मत चोरलेलं नसतं. घड्याळानेच माणसं वगळलेली असतात.

हा नुसता अंदाज नाही. २०१६ मध्ये वॉशिंग्टन राज्यात डेमोक्रॅट्सनी कॉकस घेतला. सुमारे सव्वादोन लाख माणसं आली आणि बर्नी सँडर्स यांना सत्तर टक्क्यांहून अधिक कौल मिळाला. दोन महिन्यांनी त्याच राज्यात टपालाने प्राथमिक मतदान झालं. त्यात त्याच पक्षाची आठ लाखांच्या आसपास मतं पडली आणि हिलरी क्लिंटन पुढे गेल्या. प्रतिनिधी मात्र कॉकसनेच ठरले होते. दुसऱ्या मतदानाला काही किंमत नव्हती. राज्य तेच, उमेदवार तेच, आणि निकाल उलटा. पुढे २०२० साली आयोवात मोजणीचं ॲप कोलमडलं, निकाल दिवसेंदिवस लांबला, आणि २०२४ मध्ये तिथल्या डेमोक्रॅट्सनी टपालाने पसंती घेतली.

आता आपल्याकडे. २०१४ च्या मार्चमध्ये इंदूरमध्येही असा प्रयोग झाला होता. राहुल गांधींच्या पुढाकाराने काँग्रेसने देशातल्या पंधरा-सोळा लोकसभा जागांवर पक्षांतर्गत मतदानाने उमेदवार निवडले. महाराष्ट्रात लातूर, वर्धा. मध्य प्रदेशात मंदसौर आणि इंदूर. इंदूरमध्ये कौल मिळाला सत्यनारायण पटेल यांना. ते देपालपूरचे माजी आमदार, म्हणजे बेटम्याच्या ओळखीचे. निवडणुकीत ते ४,६६,९०१ मतांनी हरले.

हरले म्हणून पद्धत वाईट, असं मी म्हणणार नाही. त्या वर्षी वाराच तसा होता. माझी तक्रार मतदारयादीबद्दल आहे. मत होतं ते पदाधिकाऱ्यांना, स्थानिक लोकप्रतिनिधींना, पक्षाच्या संलग्न संघटनांतल्या निवडक लोकांना. साध्या सदस्याला नव्हतं. वर्ध्यात त्या वेळचे खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव सागर मेघे निवडले गेले. ज्याच्या घराण्याने पदं वाटली, त्याच्याच बाजूने पदाधिकारी झुकणार, यात नवल नाही. वडोदऱ्यात तर कौल मिळालेले नरेंद्र रावत बाजूला झाले आणि मधुसूदन मिस्त्री उभे राहिले.

तरीही ती खिडकी किलकिली झाली होती. ती मोठी करायची सोडून पक्षाने बंद केली. इतर बहुतेक पक्षांनी तर ती उघडलीच नाही. आपल्या कायद्यात उमेदवार कसा निवडावा याबद्दल पक्षांवर कसलंही बंधन नाही. अधिकृत सहीचा बी फॉर्म आला की संपलं. विधी आयोगाने १९९९ मध्येच पक्षांतर्गत लोकशाही कायद्याने बांधा असं सुचवलं होतं.

बंद खोलीतल्या निवडीची किंमत इंदूरने २०२४ मध्ये मोजली. काँग्रेसने दिलेले अक्षय कांती बम यांनी माघारीच्या शेवटच्या दिवशी, २९ एप्रिलला, अर्ज मागे घेतला आणि ते भाजपमध्ये गेले. मतदारासमोर प्रमुख विरोधी पक्षाचं चिन्हच उरलं नाही. बेटम्यातल्या एखाद्या काँग्रेसवाल्याने जन्मभर पंजावर बटण दाबलं असेल. त्याला त्या दिवशी कोणी काही विचारलं नव्हतं, ना उमेदवार देताना, ना तो गेल्यावर.

मला कॉकस नको आणि हायकमांडही नको. पक्षाचा प्रत्येक नोंदलेला सदस्य, त्याच्याच गावात, सकाळपासून संध्याकाळपर्यंत उघडं राहणारं केंद्र आणि गुप्त चिठ्ठी, एवढं पुरे. पक्ष कोणताही असो, आपण सदस्य असाल तर यंदा जिल्हा कार्यालयाला एक पत्र लिहा: आमच्या गावात ही पेटी कधी ठेवणार? इंदूरमध्ये त्या मतपेटीनंतर दोन लोकसभा निवडणुका होऊन गेल्या, आणि ती पुन्हा ठेवली गेलेली नाही.