हाड वाढलंय म्हणे

मालवणात टाच दुखणाऱ्या माणसाला डॉक्टरकडे पोचण्याआधीच निदान मिळालेलं असतं. मासळी बाजारात, एसटी स्टँडवर, देवळाच्या पायरीवर कुणीतरी सांगून टाकतं, ‘हाड वाढला असतला.’ मग एक्स-रे निघतो, टाचेच्या हाडाला पुढच्या बाजूनं आलेलं टोक त्यात दिसतं आणि घरादाराचं समाधान होतं. दुखण्याला पुरावा मिळतो, दोषीही सापडतो.

पण तसं टोक टाच कधीही न दुखलेल्या पुष्कळ माणसांच्या एक्स-रेत दिसतं. उलट टाच ठणकणाऱ्या कित्येकांच्या एक्स-रेत त्याचा पत्ता नसतो. हे टोक असूनही माणूस बरा होतो आणि बरा झाल्यावरही ते जागच्या जागी राहतं. म्हणजे ज्याला आपण पकडून आणलं, तो बहुतेक वेळा नुसता जवळपास उभा होता.

दुखतं ते निराळंच. टाचेच्या हाडाच्या तळाशी, आतल्या अंगाला एक जाड, चिवट पट्टा सुरू होतो आणि बोटांच्या मुळांपर्यंत जातो. त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात. तळव्याची कमान टिकते ती बरीचशी याच्या ताणावर. १९५४ मध्ये हिक्स या ब्रिटिश संशोधकानं त्याचं काम सांगताना जहाजाचा नांगर ओढणाऱ्या रहाटाचा दाखला दिला. पाऊल उचलताना बोटं वर वळतात, पट्टा बोटांच्या मुळांभोवती दोरासारखा गुंडाळला जातो, कमान उचलली जाते आणि पाय ताठ होऊन शरीर पुढे ढकलतो. दर पावलाला हा दोर असा ताणला जातो.

दोर विरू लागतो तो जिथे बांधलाय तिथे, म्हणजे टाचेशी. २००३ मध्ये लेमाँट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत टाचदुखीच्या ५० रुग्णांच्या शस्त्रक्रियेत निघालेले नमुने तपासले. दाह दिसेल अशी अपेक्षा होती, सापडली ती झीज. म्हणजे हा आजार मुळात हिशेबाचा आहे. रोज पडणारा भार आणि रोज होणारी डागडुजी यांत भार सतत वरचढ राहिला, की पट्टा खंगत जातो. रात्रभर पाय सैल पडलेला असतो, पट्टा आखडतो आणि सकाळचं पहिलं पाऊल त्याला एकदम ताणतं. चार पावलं चाललं की बरं वाटतं, दिवस सरता सरता पुन्हा ठणका लागतो.

हिशेब म्हटला की हाडावरून नजर काढून दिवसाकडे पाहावं लागतं. कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधल्या देवबागच्या चिंचोळ्या पट्टीवर आता घरोघरी पाहुणे उतरतात. तिथल्या एका स्वयंपाकघरात मी त्या घरच्या काकींचं काम पाहत होतो. पहाटे घावण्यांचं पीठ, मग चहा, नाश्ता, मग मासे साफ करणं, वाटण, दुपारी वडे आणि तळलेली सुरमई, संध्याकाळी पुन्हा तेच. पायांखाली गुळगुळीत लादी, पाय अनवाणी, कारण स्वयंपाकघरात चप्पल चालत नाही. कढईसमोर त्या एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होत्या, उजवी टाच किंचित उचलून. पाहुण्यांची पंगत उठल्यावर पाटावर टेकल्या आणि पुन्हा उठताना भिंतीला हात लावून क्षणभर थांबल्या. ‘उठान पाय टेकलंय काय जीव जाता,’ म्हणाल्या. बसून का करत नाही, असं विचारल्यावर हसल्या. ‘बसान वडे तळतंय काय मी?’

त्यांच्याकडेही एक्स-रे होता. पिशवीत, नीट जपून ठेवलेला. मात्र दिवसातून किती तास उभ्या असता, पायांखाली काय असतं, हंगाम सुरू झाला की काम किती पटींनी वाढतं, हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. पावसाळ्यात चार महिने जवळजवळ रिकामी असलेली टाच दिवाळीच्या सुट्टीपासून एकाएकी दिवसभर राबायला लागते. भार असा अचानक वाढणं हे या दुखण्याचं जुनं निमित्त आहे. २००३ मध्येच रिडल आणि सहकाऱ्यांनी टाचदुखीचे रुग्ण आणि निरोगी माणसं यांची तुलना केली. रुग्णांत तीन गोष्टी ठळक दिसल्या: आखडलेला घोटा, वाढलेलं वजन आणि कामाचा बहुतेक वेळ पायांवर जाणं. यांतली एकही एक्स-रेत दिसत नाही.

इथे आणखी एका सोप्या उत्तराचा मोह होतो. पूर्वी सारवलेली जमीन होती, चूल खाली होती, बाया आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, उकिडव्या बसून मासे कापत, त्यामुळे टाचा दुखत नसत, असं म्हणायचं. उकिडवं बसताना टाच जमिनीला टेकून घोटा पूर्ण वाकतो, पोटरी ताणली जाते, हे खरं. ओटा कमरेपर्यंत आला तेव्हा तो ताण दिवसातून निघून गेला, हेही खरं. पण सुश्रुतसंहितेत पाऊल वेडंवाकडं पडल्यानं होणाऱ्या पायाच्या वेदनेचं वातकंटक या नावानं वर्णन आहे आणि तेव्हा काही घरोघरी लादी नव्हती. एकट्या लादीला दोष देणं म्हणजे हाडाच्या जागी दुसरा दोषी उभा करणं. वाळूचंही तसंच. मऊ म्हणून ती औषधी ठरत नाही. वाळूत टाच रुतते, पोटरीला आणि तळव्याला जास्त ओढावं लागतं. रापणीचं जाळं ओढणाऱ्याच्या पायाला ती सवयीची असते. वर्षभर बुटात राहून तारकर्लीला अनवाणी लांबवर चालणाऱ्याला ती दुसऱ्या दिवशी जाणवते.

उपचारही दिवसातच शिरतात, म्हणून ते कंटाळवाणे आहेत. अंथरुणातून उतरण्याआधी पाय मांडीवर घ्यायचा, बोटं हातानं नडगीकडे ओढायची, दहा अंक मोजेपर्यंत धरायची, असं दहा वेळा. न्यूयॉर्क राज्यातल्या एका प्रयोगात दिवसातून तीनदा केलेला हाच ताण नुसत्या पोटरीच्या ताणापेक्षा सरस ठरला होता. दुसरा व्यायाम डेन्मार्कमधल्या २०१४च्या अभ्यासातला. बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पायरीच्या कडेवर उभं राहायचं, टाच सावकाश उचलायची, सावकाश उतरवायची, एक दिवसाआड. तीन महिन्यांनी ताणाच्या व्यायामापेक्षा यानं जास्त आराम पडला. वर्षभरानं मात्र दोन्ही गटांत फरक उरला नव्हता. जांभ्या दगडाची पायरी कोकणात कुठल्या घराला नाही? स्टिरॉइडच्या इंजेक्शननं महिनाभर सुटका होते, म्हणून ते हवंसं वाटतं. पण वरचेवर घेतलं तर पट्टा तुटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी झिजण्याचा धोका असतो. रुईचं पान ठेवून गरम विटेचा शेक, काशाच्या वाटीनं चोळणं यांनी बरं वाटतं, ते खुशाल करावं. मात्र मधुमेहानं तळव्याची संवेदना गेली असेल तर शेकानं भाजतं आणि कळतही नाही.

सगळीच टाचदुखी या पट्ट्याची नव्हे. मुंग्या येत असतील, रात्री पडल्या पडल्या ठणकत असेल, टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर कळ येत असेल किंवा तरुण माणसाच्या दोन्ही टाचांबरोबर सकाळी कंबरही आखडत असेल, तर कारण वेगळं असू शकतं. तेव्हा डॉक्टरकडे जायलाच हवं, आणि तेव्हा एक्स-रेही कामाचा ठरतो.

एरवी बहुतेक माणसं वर्षभराच्या आत-बाहेर बरी होतात. प्रश्न एवढाच, की ते वर्ष कुणाच्या हातात असतं. ‘विश्रांती घ्या’ हा सल्ला ज्याचा वेळ त्याच्या स्वतःच्या ताब्यात आहे त्यालाच लागू पडतो. आपल्याकडे उभं राहणं हा बाईचा गुण मानला जातो. दिवसभर बूड टेकलं नाही, हे कौतुकानं सांगितलं जातं आणि बसलेल्या सुनेकडे घर वळून पाहतं. हाड वाढलंय या निदानाची सोय इथेच आहे. वाढलेलं हाड तिचं एकटीचं असतं. वाढलेलं काम मात्र घराचं असतं, आणि ते मान्य केलं की घरालाच काहीतरी बदलावं लागतं.

बदल मोठा नाही. स्वयंपाकघरापुरती वेगळी जाड तळव्याची चप्पल, ओट्यापाशी टेकायला उंच स्टूल, कढईसमोर रबरी पट्टी, वाटण आणि भाजी चिरणं बसून, आणि हंगामात तळणीवर पाळीपाळीनं दुसरा माणूस. पाहुण्यांच्या खोलीत एसी बसवताना जो खर्चाचा विचार होतो, त्याच्या शेवटच्या ओळीतही ही यादी मावेल. मग ती अजून बहुतेक घरांत का नाही, याचं उत्तर टाचेत शोधून मिळणार नाही.