गंगापुरीतला शास्त्रार्थ

वाई म्हणजे दक्षिण काशी. कृष्णेचे घाट, १७६२ साली रास्त्यांनी बांधलेला ढोल्या गणपती, आणि हीच महाभारतातली विराटनगरी अशी गावाची ठाम समजूत. (हा मान आणखीही काही गावे सांगतात, ते सोडा.) अशा ठिकाणी सोवळ्याचीच अपेक्षा करायची. पण शास्त्र बदलते का, हा प्रश्न विसाव्या शतकात धीटपणे हाताळला तो इथल्याच शास्त्र्यांनी, गंगापुरीतल्या प्राज्ञपाठशाळेत.

पाठशाळेचे प्राण नारायणशास्त्री मराठे, १९३१ मध्ये संन्यास घेऊन केवलानंद सरस्वती झालेले. गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन तरुण विनोबा त्यांच्यापाशी वेदान्त शिकून गेले. त्यांचे दुसरे शिष्य पिंपळनेरचे लक्ष्मणशास्त्री जोशी. कलकत्त्याची पदवी मिळवून ते तर्कतीर्थ झाले.

जून १९३३. पुण्यात गांधीजींचे चिरंजीव देवदास आणि राजगोपालाचारींची कन्या लक्ष्मी यांचे लग्न. वर वैश्य, वधू ब्राह्मण. स्मृतींच्या भाषेत प्रतिलोम, म्हणजे निंद्यच. पौरोहित्याला उभे राहिले तर्कतीर्थ.

अस्पृश्यतेच्या वादातही ते गांधीजींच्या बाजूने पोथ्या घेऊनच उतरले होते. इथे एक आक्षेप खरा आहे. सुधारणेला शास्त्राधार शोधायचा, म्हणजे शास्त्राची सत्ता मान्यच करायची. १९३६ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी नेमके हेच प्रामाण्य मोडायला सांगितले.

वाईचे उत्तर वेगळ्या वाटेने आले. १९३७ पासून ‘धर्मकोशा’चे खंड निघू लागले: वेदांपासून निबंधग्रंथांपर्यंतची वचने, विषयवार आणि काळाच्या क्रमाने लावलेली. दिसायला हे निव्वळ हमालीचे काम. पण वारसा, विवाह अशा विषयांवर आधीचे वचन कोणते, नंतरचे कोणते, हे एकाखाली एक वाचले की ‘सनातन’ म्हणताना जीभ अडखळते. ही मांडणी कुठल्याही खंडनमंडनाहून भारी पडते.

गुरू अखेरपर्यंत वेदान्ती संन्यासी राहिले. शिष्य मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे वळले आणि ‘हिंदुधर्माची समीक्षा’ लिहून बसले. धर्मकोशाचे काम मात्र त्यांनी सोडले नाही. पुढे मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक तेच झाले, आणि त्याचे कार्यालयही वाईतच आले. १९७६ पासून निघालेल्या त्या खंडांत देवाधर्माच्या नोंदीही अकारविल्हे आहेत, रसायनशास्त्र आणि शेतीच्या रांगेत.