कारण आणि दोष

‘वांझ’ हा शब्द मराठीत स्त्रीलाच लावण्याची रीत आहे. पुरुषासाठी त्याच्या तोडीचा शब्द बोलीने घडविलाच नाही. नोकरीनिमित्त आम्ही मराठी मंडळी चंडीगडास आलो, तेव्हा ही समजूतही सामानाबरोबर आली.

येथील सेक्टर १२ मध्ये १९६२ साली स्थापन झालेली पदव्युत्तर वैद्यकीय संस्था आहे. तिच्यावरून जाता-येता एक प्रश्न आमच्या मनात घोळतो: शास्त्राला कारण सापडले, तर समाजाच्या दोषारोपाचे काय करावे?

लेव्हेनहुकने १६७७ साली शुक्रजंतू पाहिले. पण त्यांच्या शेपटीची घडण कळावयास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यावा लागला. शेपटीच्या गाभ्यात मध्ये दोन नलिका व सभोवार नऊ जोड्या असतात. जोड्यांवर डायनीन नावाच्या प्रथिनाचे चिमुकले बाहू असतात. त्यांच्या योगे नलिका एकमेकींवर सरकू पाहतात, शेपूट वाकते आणि जंतू पोहतो. श्वासमार्गातील कफ वर लोटणाऱ्या सूक्ष्म केसांतही हीच योजना आहे. १९७६ साली स्वीडनच्या अफझेलियस यांनी दाखविले, की काही पुरुषांत हे बाहू जन्मतःच नसतात. त्यांचे शुक्रजंतू जिवंत पण निश्चल असतात, खोकला जन्माचा सोबती होतो, आणि सुमारे निम्म्यांचे हृदय उजवीकडे असते.

अशी माणसे विरळा, हे खरे. परंतु त्यांच्या उदाहरणाने आमचा न्याय उघडा पडतो. अशा पुरुषाच्या खोकल्याबद्दल आम्ही कोणासही बोल लावीत नाही. त्याच्या घरी पाळणा हलला नाही, तर मात्र त्याच्या पत्नीस बारशाचे बोलावणे चुकवितो. कारण एकच, निवाडे दोन!

मग बोल पुरुषास लावावा काय? तोही न्याय नव्हे. ती नुसती बदली झाली. ही उणीव बहुधा आई व बाप या दोघांकडून येते, आणि त्या दोघांना तिची गंधवार्ताही नसते. कारण शोधावयाचे असते. दोष मात्र जाणूनबुजून केलेल्या कृत्यालाच देता येतो.

१९९२ पासून एकच शुक्रजंतू बीजांडात सोडण्याची युक्ती उपलब्ध आहे. तीमुळे निश्चल जंतूंनाही कधी कधी यश येते. पण स्त्रीची अप्रतिष्ठा थांबावयास उपायाच्या यशाची वाट पाहण्याचे प्रयोजन नाही. पुरुषाची पहिली तपासणी तर सोपी असते, तरी अनेक घरांत ती सर्वांत शेवटी होते. कागद पुरते पाहिल्यावाचून शेरा मारू नये, हा कचेरीतील नियम आम्ही घरीही पाळावयास हवा.