क्रमशः

पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी, मिस्सा आटोपल्यानंतर, आमच्या धर्मग्रामातील एक माउली कार्यालयात आली. पिशवीतून तिने एक दोनशेपानी वही काढली आणि माझ्यासमोर ठेवली. वही तिच्या मुलाची होती. मुलगा नुकताच महाविद्यालयात जाऊ लागलेला. तो एक कादंबरी लिहीत होता. दर आठवड्याला एक प्रकरण लिहायचे आणि वही दोन-चार मित्रांत फिरवायची, असा त्याचा परिपाठ. मित्रांनी वाचलेली ती वही आईपासून मात्र लपवून ठेवलेली होती. गादी उन्हात टाकताना ती तिच्या हाती लागली.

कथेचा नायक सोळा वर्षांचा. आपले मन मुलींकडे नव्हे, तर मुलांकडे ओढ घेते, हे त्याला हळूहळू उमगते. आणि ते उमगते न उमगते तोच कायदा, न्यायालय, मत, मोर्चा हे शब्द त्याच्या आयुष्यात शिरतात.

“फादर,” ती म्हणाली, “असं लिहिणं पाप आहे का? आणि लिहायचंच होतं, तर त्यात राजकारण कशाला?”

तिसरा प्रश्न तिने विचारला नाही. तो तिच्या डोळ्यांत होता. ही गोष्ट नायकाची, की लिहिणाऱ्याची?

मी वही ठेवून घेतली. उत्तर दिले नाही. त्याला कारण आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी, माझ्या गुरुदीक्षेला दोन वर्षेही झाली नव्हती तेव्हा, चर्चच्या आवारात फेऱ्या मारताना एक तरुण मला असेच काही सांगू पाहत होता. त्याचे दुसरे वाक्य पुरे होण्यापूर्वीच माझे उत्तर तयार होते. सेमिनरीतील टिपणवहीतले ते उत्तर चुकीचे नव्हते. तो “बरं, फादर” म्हणाला आणि निघून गेला. पुन्हा कधीच आला नाही. त्या माउलीच्या प्रश्नावर मी जो विचार केला, तो वाचकांपुढे ठेवीत आहे. तिच्या व तिच्या मुलाच्या संमतीने, ओळखीच्या खुणा गाळून.

क्रमशः येणारी कथा आणि समाजापुढचा अवघड प्रश्न यांची सांगड मराठीला नवी नाही. बाबा पदमनजी या ख्रिस्ती लेखकाने १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ लिहिले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचा मान आहे आणि तिचा विषय होता हिंदू विधवांची दुःस्थिती. पुढे १८९० सालापासून हरि नारायण आपटे यांनी आपल्या ‘करमणूक’ पत्रात ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी क्रमशः छापली. योगायोग असा की, दोन्ही नायिकांचे नाव यमुना. परंतु दोघींत फरक आहे. पदमनजींची यमुना प्रवास करीत एकामागून एक विधवांच्या कहाण्या ऐकते. लेखकाला काय सिद्ध करायचे आहे, हे वाचकाला आधीच ठाऊक असते. हरिभाऊंची यमू स्वतःच बोलते. बाळपण, सासर, लहानसहान सुखे सांगत ती आपल्या घरात वावरू लागते आणि मग तिच्यावर ओढवणारा प्रसंग आपल्याच मुलीवर ओढवल्यासारखा वाटतो. ती लिहिली जात असतानाच, १८९१ साली, संमतिवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्र पेटला होता. सभांतून वाद घालणारी माणसे घरी येऊन पुढला अंक उघडत असतील, तेव्हा ‘प्रश्न’ बाजूला राहून एक मुलगी त्यांच्यापुढे उभी राहत असेल.

समलिंगी तरुणाविषयी अशीच घटना अमेरिकेत घडली. आर्मिस्टेड मॉपिन हे लेखक नॉर्थ कॅरोलिना राज्यातील एका कर्मठ, परंपरानिष्ठ कुटुंबातले. नौदलात नोकरी केलेले, व्हिएतनामला जाऊन आलेले. २४ मे १९७६ पासून ‘सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल’ या दैनिकात त्यांची ‘टेल्स ऑफ द सिटी’ ही कथामाला सुरू झाली. आठवड्याचे पाच दिवस, सकाळच्या चहाबरोबर लोक ती वाचू लागले. तिच्यात मायकल टॉलिव्हर हा एक तरुण आहे. फ्लोरिडातील संत्र्यांच्या बागाईतदाराचा मुलगा. घरापासून दूर शहरात राहणारा आणि आपण कोण आहोत हे आईवडिलांना न सांगितलेला.

१९७७ साली फ्लोरिडातच एक वादळ उठले. डेड काउंटी या भागात समलिंगी व्यक्तींना नोकरीत व घर मिळण्यात भेदभावापासून संरक्षण देणारा नियम झाला होता. तो रद्द व्हावा म्हणून अनिता ब्रायंट या गायिकेने चळवळ उभारली. चळवळीचे नाव होते, ‘आमची मुले वाचवा’. ७ जून १९७७ च्या मतदानात तो नियम मोठ्या बहुमताने रद्द झाला. मॉपिन यांनी ही खरी चळवळ आपल्या कथेत आणली. मायकलला आईचे पत्र येते. त्यात घरच्या खुशालीबरोबर सहज कळवलेले असते की, आम्ही दोघांनीही त्या चळवळीत नाव घातले आहे. तेव्हा मायकल आईला पत्र लिहितो आणि प्रथमच सत्य सांगतो.

येथे मी वाचताना थांबलो. मुले वाचवायला निघालेल्या आईबापांना ठाऊक नव्हते की, ज्याच्या विरुद्ध आपण सही केली तो आपलाच मुलगा आहे. आणि मॉपिन यांनी ते पत्र केवळ मायकलसाठी लिहिले नव्हते. दूर नॉर्थ कॅरोलिनात त्यांचे स्वतःचे आईवडील ते वर्तमानपत्र मागवून ही कथामाला वाचीत असत. जे मुलगा समोरासमोर बोलू शकला नाही, ते त्याने कथेतल्या मुलाच्या तोंडून आईपर्यंत पोचवले. आमच्या धर्मग्रामातल्या माउलीच्या न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते असे मी म्हणत नाही. लिहिणारा प्रत्येक वेळी स्वतःविषयीच लिहितो असे नाही. हरिभाऊ काही विधवा नव्हते. पण एवढे मात्र खरे की, काही मुले घरातल्या माणसांशी बोलण्यापूर्वी कागदाशी बोलून पाहतात.

आता राजकारणाचा प्रश्न. त्या वहीत एक प्रसंग आहे. नायक आईचे कपाट आवरीत असतो. फळीवर अंथरलेला जुना पेपर तो काढतो आणि मथळा वाचतो. पेपर ७ सप्टेंबर २०१८ चा. आदल्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी निर्णय दिलेला असतो की, प्रौढांनी परस्परसंमतीने ठेवलेल्या समलिंगी संबंधांना भारतीय दंडविधानाचे कलम ३७७ लागू होणार नाही. १८६० साली इंग्रजांच्या अमदानीत झालेल्या त्या कायद्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने दिलेली मोकळीक २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने काढून घेतली होती. मुलगा बोटांवर हिशेब करतो. म्हणजे मी पहिलीत असताना माझ्यासारखी मोठी माणसे कायद्याने गुन्हेगार होती! आणि हा पेपर इतकी वर्षे आईच्या ठेवणीतल्या साड्यांखाली होता. त्या क्षणापर्यंत राजकारण म्हणजे नाक्यावरचे फलक आणि गटारांची उद्घाटने, एवढीच त्याची समजूत असते.

म्हणून मला वाटते, त्या माउलीच्या प्रश्नाचा क्रमच उलटा आहे. त्या मुलाने राजकारणाला शोधले नाही. राजकारणाने त्याला आधी गाठले. ज्याच्या जगण्याविषयी कायद्याचे कलम आहे, त्याला ‘तू त्यात पडू नकोस’ असे सांगता येत नाही, कारण तो जन्मल्यापासून त्यात आहे. वसईकरांना हे समजावे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो व त्यांचे सहकारी हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले, तेव्हा ‘धर्मगुरूंना राजकारण कशाला?’ असे आपल्यातीलच अनेकांनी विचारले होते. विहिरीचे पाणी खारट होऊ लागल्यावर राजकारण अंगणात आलेलेच असते, हे आपण त्या वेळी शिकलो.

पण येथेच लेखकाची नैतिक कसोटी सुरू होते. राजकारण कथेत आले की, नायकाच्या हाती फलक देण्याचा मोह अनावर होतो. सोळा वर्षांचे पोर मग पोर राहत नाही. ते बाजूचे किंवा विरोधाचे उदाहरण होते. त्याला भूक लागत नाही, परीक्षेची भीती वाटत नाही, धाकट्या बहिणीशी त्याचे भांडण होत नाही. तो केवळ भाषणे करतो. माणसाला साधन म्हणून वापरू नये, हे नीतिशास्त्राचे तत्त्व कागदावरच्या माणसालाही लागू पडते, असे मी मानतो. जो लेखक आपल्या पात्राला वापरतो, तो वाचकाला जिवंत माणसे वापरायला शिकवतो. मॉपिन यांनी सांगितले आहे की, कथेत समलिंगी पात्रांची संख्या वाढू नये म्हणून वर्तमानपत्राच्या कचेरीत पात्रांची मोजदाद करणारा तक्ता ठेवला होता. मोजणी करणारे दोन्ही बाजूंना असतात. कोणी म्हणतो फार झाले, कोणी म्हणतो पुरेसे नाहीत. मायकल मात्र या मोजणीत मावत नाही. तो आईला पत्र लिहिणारा मुलगा राहतो.

मग पापाचे काय? लहानांना अडखळण होणाऱ्याविषयी प्रभू येशूने उच्चारलेले कठोर शब्द आपण जाणतो आणि कोणत्याही लेखकाने ते हलक्याने घेऊ नयेत. वासना चाळवण्यासाठी लिहिणे हे स्त्री-पुरुषांविषयी लिहितानाही पापच. परंतु वर्णन करणे म्हणजे फूस लावणे नव्हे. तसे असते तर दाविदाच्या पापाची कथा पवित्र शास्त्रात राहिली नसती. ख्रिस्तसभेची शिकवण बदलण्याचा अधिकार मला नाही आणि ती झाकून ठेवण्याचाही नाही. १९९२ च्या कॅटेकिझममध्ये समलिंगी संबंधांना मान्यता नाही, विवाहाचा अर्थ तोच आहे. पण त्याच पानावर हेही आहे की, अशा व्यक्तींचा स्वीकार आदराने, कनवाळूपणाने व हळुवारपणे व्हावा आणि त्यांच्याविषयी कोणताही अन्याय्य भेदभाव होऊ नये. त्यांच्यावर वाणीने वा कृतीने होणाऱ्या हिंसेचा निषेध व्हॅटिकनने १९८६ च्या पत्रातच केला होता. २०१३ साली कलम ३७७ कायम राहिले तेव्हा मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी स्पष्ट केले होते की, अशा विवाहाला ख्रिस्तसभेचा विरोध असला, तरी या व्यक्तींना ती गुन्हेगार मानीत नाही. आपण त्या पानाचा अर्धाच भाग पाठ केला आणि उरलेला अर्धा वाचायचा राहिला. माझ्या तरुणपणीच्या टिपणवहीतही नेमका तेवढाच भाग उतरला होता.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी जुलै २०२४ मध्ये साहित्यवाचनाविषयी एक पत्र लिहिले. तरुणपणी सांता फे येथील येशूसंघीय शाळेत त्यांनी साहित्य शिकवले होते. ते पत्र मूळ धर्मगुरूंच्या शिक्षणाविषयी योजलेले होते, पुढे त्यांनी ते सर्वच श्रद्धावंतांसाठी केले. कथा-कादंबऱ्या वाचणारा दुसऱ्याचा आवाज ऐकायला शिकतो आणि न्यायनिवाड्याची घाई करीत नाही, असा त्याचा आशय आहे. ते वाचताना मला आवारातल्या त्या तरुणाचे अर्धे राहिलेले वाक्य आठवले.

क्रमशः येणाऱ्या कथेचा मोठा गुण मला हाच वाटतो. ती थांबायला शिकवते. पुढे काय होणार हे वाचकाला ठाऊक नसते, पुष्कळदा लेखकालाही नसते. मधल्या आठवड्यात ते पात्र आपल्या घरात राहते. आपण मात्र मुलांच्या बाबतीत ‘समाप्त’ लिहिण्याची घाई करतो. ‘हा वाया गेला’ असे म्हणणारा ती घाई करतो. आणि सोळाव्या वर्षीच त्याच्या कपाळावर कायमचे नाव चिकटवून त्याला आघाडीवर उभा करणाराही तीच घाई करतो. प्रभू येशूने सांगितलेली उधळ्या पुत्राची कथा आठवा. धाकटा घरात आला, मेजवानी झडली, पण थोरला दाराबाहेर उभा आहे आणि बाप त्याची मनधरणी करीत आहे. तो आत गेला की नाही, हे प्रभूने सांगितलेच नाही. कथा तेथेच थांबते आणि बाप अंगणातच राहतो.

तीन दिवसांनी ती माउली आली. मी म्हणालो, “बाय, वही मी वाचली. लिहिणं पाप नाही. काही ठिकाणी नायक फार भाषणं करतो, ते त्यानं सुधारायला हवं. पण वही तू न विचारता आणलीस, ते आधी त्याला सांग. मीही वाचलीय, हेही सांग.”

“आणि मग?”

“मग विचार, पुढे काय होतं?”

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “आणि तो म्हणाला, की हे माझंच आहे, तर?”

“तर तू त्याची आई आहेस. तेवढं तर काही बदलत नाही ना?”

वही तिने नेली नाही. ‘त्यालाच पाठवते’ म्हणाली. त्या रविवारी तो आला नाही, पुढल्या रविवारीही नाही. माझ्या मनात ते जुने आवार पुन्हा पुन्हा येत होते. तिसऱ्या आठवड्यात, पाऊस कोसळत असताना, कार्यालयाच्या दारात एक छत्री मिटली. “फादर, माझी वही,” तो म्हणाला. वही टेबलावरच होती. शेवटच्या लिहिलेल्या पानाखाली, सुबक अक्षरात, एकच शब्द होता: क्रमशः.

मी त्याला बसायला सांगितले. या वेळी मी आधी काही बोललो नाही.