बिबा कुणाला उततो

लहानपणी दमा आणि ॲलर्जी मुलग्यांत जास्त दिसते. वयात येताना पारडं फिरतं आणि तरुणपणी दम्यात मुली पुढे जातात. याला शरीराची कारणं आहेतच. लहान मुलग्यांच्या श्वासनलिका फुप्फुसाच्या मानाने अरुंद असतात, ॲलर्जीशी जोडलेली आयजीई प्रतिपिंडंही त्यांच्यात सरासरीने जास्त. पुढे टेस्टोस्टेरॉन दाहाला आवर घालतं, इस्ट्रोजेन त्याला चेतवतं. हे सगळं मान्य. तरी चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात मला आधी विचारावंसं वाटतं, मोजलं कुणाला?

गाजर गवताच्या ॲलर्जीने चेहरा, मान, कोपराची लवण चिघळते. भारतातल्या त्वचारोग विभागांच्या नोंदींत याचे रुग्ण बहुतेक प्रौढ पुरुष. ते उघड्या अंगाने शेतात राबतात, असं कारण सांगतात. मग निंदायला दिवसभर ओणव्या असतात त्या कोण?

बिब्याचंही तेच. बिबे फोडून गोडंबी काढणं विदर्भात मुख्यतः बायांचं काम. दगडावर फळ ठेचलं की टरफलातलं काळं तेल बोटांना लागतं. एकीला काही होत नाही, शेजारणीचं मनगट एकदोन दिवसांत फोडांनी भरतं, डोळे सुजतात. बिबा उतला म्हणायचं, खोबरं लावायचं आणि पुन्हा फोडायला बसायचं. ही बाई कुठल्याच रजिस्टरात येत नाही.

डॉक्टर राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 बायांना तपासलं. 1989 साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: 92 टक्के बायांना स्त्रीरोग होते आणि त्यासाठी आधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. दवाखान्यात बसून हा आकडा कुणालाच दिसला नसता. ॲलर्जीच्या आकड्यांकडे मी याच संशयाने बघते. दमा मुलींकडे झुकतो त्याच वयात घरात स्थळांची बोलणी सुरू होतात, खोकला दाबला जातो, इनहेलर ट्रंकेच्या तळाशी जातो.

सगळ्यांना सारखं मोजायची इथे एक सोय मात्र आहे, आश्रमशाळांची. मुलं-मुली एकाच आवारात राहतात, तेच वरण-भात खातात, तीच धूळ श्वासात घेतात. दहाव्या वर्षी सगळ्यांची ॲलर्जीची त्वचाचाचणी करावी, तक्रार असो वा नसो. अठराव्या वर्षी पुन्हा. मधेच शाळा सुटलेल्या मुलींसाठी चाचणीचं सामान घेऊन गावात जावं लागेल, आणि मोहफुलांच्या दिवसांत त्या घरी सापडणार नाहीत, तेव्हा पहाटेच जंगलात.